बोटांना कळणारी रेघ

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लग्नघराची भिंत आधी हातांनी घडते. कारवीच्या कुडावर शेणमातीचा लेप चढतो, तळहाताने सारवण होतं, वर गेरू फिरतो. मग तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, टोक चेचलेल्या काडीने सवाशिणी चौक (लग्नाचं चौकोनी चित्र) लिहितात. मधोमध पालघाट देवी बसते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. या चौकाशिवाय लग्न लागत नाही.

या वारली चित्रकलेला जगात नेणारे जिव्या सोमा म्हसे 1934 मध्ये तलासरी तालुक्यातल्या धामणगावात जन्मले. लहानपणी आई गेली आणि मुलाची वाचा बसली. काही सांगायचं असलं की तो मातीत चित्र काढायचा. पुढे डहाणूतल्या गंजाडला ते स्थिरावले, 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. त्यांची दृष्टी शाबूत होती. तरी मातीत बोटाने ओढलेली ती रेघ मला महत्त्वाची वाटते, कारण ती डोळे मिटूनही चाचपता येते.

दृष्टी नसलेल्या चित्रकाराची पहिली अडचण नेमकी इथेच असते. कागदावरची सपाट रेघ हाताला लागत नाही, त्यामुळे कुठपर्यंत आलो ते कळत नाही. टेक्सासच्या जॉन ब्रॅम्ब्लिटची दृष्टी 2001 मध्ये गेली. तो कापडावर वापरायच्या, वाळल्यावर फुगीर राहणाऱ्या रंगाने आधी बाह्यरेषा काढतो आणि हाताने तिचा माग घेत आत रंग भरतो. प्रत्येक रंगाचा दाटपणाही तो वेगळा ठेवतो, म्हणजे पांढरा कोणता नि काळा कोणता हे चिमटीतच समजतं. तुर्कस्तानचा एशरेफ आर्मागान तर जन्मांध. तो टोकदार लेखणीने कागदावर खोबण उमटवतो, मग बोटांनी एकेक रंग लावतो. एक वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात घालत नाही.

आपल्याकडे शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी होते. 1957 च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली, तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. त्यांनी कागद दुमडून कापले, मेण-मातीच्या आकृत्या केल्या आणि 1972 मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर फरशांचं मोठं चित्र उभं केलं.

आता वारली चित्राकडे बोटांनी पाहा. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. छाया नाही, एकच रंग. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण: बोट खांद्यावर ठेवून खाली आणलं की कंबरेशी निमुळतं होतं, पुन्हा रुंदावतं, झाला माणूस. तारपा या फुंकवाद्यावरच्या नाचात एकाचा हात दुसऱ्याच्या हातात असतो. त्या साखळीवरून बोट फिरत फिरत मधल्या तारपावाल्यापाशी पोहोचतं. इतकी स्पर्शाला सोयीची चित्रभाषा मला दुसरी ठाऊक नाही.

मात्र बाजारात मिळणारं गच्च भरलेलं चित्र नुसतं उठावदार करून भागणार नाही. ब्रेलच्या अक्षरातल्या शेजारच्या दोन टिंबांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर असतं. रेघा त्याहून जवळ आल्या की बोटाखाली सगळं एकमेकांत मिसळतं. म्हणून आकृत्या थोड्या हव्यात, मोठ्या हव्यात, मध्ये मोकळी जागा हवी.

असं चित्र करायला खर्च जवळपास नाहीच. जाड पुठ्ठा, दाट कालवलेलं तांदळाचं पीठ, त्यात फेविकॉल, आणि काडीऐवजी मेंदीचा कोन. रेघ रात्रभर वाळू द्यायची, सकाळी ती हाताला लागते. डहाणू-तलासरीतल्या शाळाशिक्षकांना आणि इथल्या चित्रकारांना माझी विनंती आहे: वर्गात दृष्टी नसलेलं मूल असेल, तर चित्रकलेच्या तासाला त्याला दुसरीकडे बसवू नका. कोन त्याच्या हातात द्या आणि पहिला चौक त्यालाच लिहू द्या.