कांजिण्यांत विषाणूविरोधी औषध: कोणत्या मुलाला, केव्हा?

कांजिण्या ‘व्हॅरिसेला झोस्टर’ या विषाणूमुळे होतात. संसर्ग झाल्यावर १० ते २१ दिवसांनी ताप येतो आणि अंगावर खाजरे पुरळ उठते. त्याचे पाण्याने भरलेले फोड होतात, मग त्यांवर खपली धरते. नवे फोड तीन-चार दिवस येतच राहतात. म्हणून मुलाच्या पोटावर लाल पुळी, भरलेला फोड आणि खपली एकाच वेळी शेजारीशेजारी दिसतात. निरोगी मुलांत हा आजार बहुधा आठवड्या-दहा दिवसांत आपोआप बरा होतो.

यावरचे मुख्य औषध म्हणजे ॲसायक्लोव्हिर. विषाणूने शिरकाव केलेल्या पेशीत विषाणूचेच एक विकर या औषधाला कार्यक्षम करते आणि त्यानंतर विषाणूच्या डीएनएची साखळी अर्धवटच राहते. नवे विषाणू तयार होणे असे थांबते; आलेले फोड मात्र औषधाने मावळत नाहीत. त्यामुळे पुरळ उठल्यापासून २४ तासांच्या आत औषध सुरू झाले तरच त्याचा चांगला उपयोग होतो.

अमेरिकेत २ ते १२ वर्षांच्या ८१५ निरोगी मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध वेळेत मिळालेल्या मुलांचा ताप सुमारे एक दिवस आधी उतरला आणि फोडही काहीसे कमी आले. गुंतागुंत कमी झाल्याचे मात्र दिसले नाही. एवढ्या माफक फायद्यासाठी प्रत्येक निरोगी मुलाला हे औषध देण्याची शिफारस केली जात नाही.

बारा वर्षांवरील मुले, त्वचेचा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेली मुले आणि स्टेरॉइड घेणारी मुले यांच्यात आजार बळावण्याची शक्यता अधिक असल्याने डॉक्टर औषधाचा विचार करतात. घरातल्या एका मुलानंतर दुसऱ्याला कांजिण्या झाल्या, तर दुसऱ्याचा आजार अनेकदा जास्त तीव्र असतो. तिथेही हाच विचार होतो. नेहमीची मात्रा दर किलो वजनाला २० मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, पाच दिवस अशी असते. म्हणजे १५ किलोच्या मुलाला एका वेळी ३०० मिलिग्रॅम. औषध चालू असताना मुलाला भरपूर पाणी पाजावे लागते. प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलांना ते रुग्णालयात शिरेतून दिले जाते.

इतर मुलांना तापासाठी पॅरासिटामॉल, खाजेसाठी कॅलामाइन आणि कापलेली नखे पुरतात. ॲस्पिरिन मात्र देऊ नये. त्यामुळे मेंदू व यकृताला इजा करणारा ‘राय सिंड्रोम’ होऊ शकतो. धाप लागणे, सतत उलट्या, गुंगी किंवा फोडाभोवती पसरणारी लाल, दुखरी सूज दिसल्यास मुलाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.