गच्चीवरचा अँटेना: हॅम रेडिओतले गैरसमज आणि वस्तुस्थिती

हॅमचा परवाना हातात पडला की बहुतेकांची पहिली धाव रिगकडे असते. कुठला ट्रान्सीव्हर घ्यायचा, किती वॅटचा, नवा की जुना, यावर महिनोन्‌महिने खल होतो. अँटेनाचा नंबर लागतो तो उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या एखाद्या रविवारी. क्रम उलटा हवा. रिग कारखान्यातून तयार होऊन येतो, त्यात आपल्या हातात फारसे काही नसते. अँटेना मात्र आपली गच्ची, आपली इमारत आणि आपला बँड पाहून आपणच बांधायचा असतो. आवाज कुठवर जाणार आणि समोरच्याचा आवाज आपल्याला किती स्वच्छ ऐकू येणार, हे बहुतांशी तिथेच ठरते. या कामाबद्दलचे काही समज पिढ्यान्‌पिढ्या एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले आहेत. त्यांतले नेहमीचे आठ इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हे जमणार नाही, टॉवर हवा, मोकळी जागा हवी.

वस्तुस्थिती : भारतात सर्वाधिक गजबजलेला एचएफ बँड म्हणजे ४० मीटर, ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. त्यासाठी लागते सुमारे २० मीटर तार. अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलची मीटरमधली लांबी काढायची तर १४२.५ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागायचे. ७.१ मेगाहर्ट्झला उत्तर येते २०.०७ मीटर, म्हणजे मधल्या जोडापासून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. घराच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर त्याला पुरते.

गच्ची लहान असेल तर इन्व्हर्टेड व्ही बांधावा. मधोमध एकच आठ मीटरचा खांब, तारेच्या दोन्ही बाजू उतरत्या आणि त्यांच्यामध्ये १२० अंशांचा कोन. मग २० मीटर तारेला टोकापासून टोकापर्यंत साडेसतरा मीटर जागा पुरते आणि टोके गच्चीपासून तीन मीटर वर राहतात. गच्चीच मिळत नसेल तर ४९:१ ट्रान्सफॉर्मर लावलेला एंड-फेड हा पर्याय आहे. त्यात खिडकीपाशी एक टोक आणि समोरच्या झाडाला दुसरे, इतकेच लागते. एक मीटर व्यासाचा मॅग्नेटिक लूप बाल्कनीतही मावतो आणि १४ मेगाहर्ट्झपासून वरच्या बँडवर चांगले काम देतो. त्याच्या मर्यादा मात्र माहीत असाव्यात. फ्रिक्वेन्सी जराशी हलवली की तो पुन्हा जुळवावा लागतो, आणि १०० वॅट सोडले तर त्याच्या कपॅसिटरवर काही हजार व्होल्ट चढतात. तो हाताच्या अंतरावर ठेवू नये.

गैरसमज २ : सूत्राने लांबी काढली, तार कापली, काम झाले.

वस्तुस्थिती : सूत्राने फक्त सुरुवात होते. तारेवर प्लास्टिकचे आवरण असेल तर तीच लांबी थोड्या खालच्या फ्रिक्वेन्सीला जुळते. शेजारची पाण्याची टाकी, लोखंडी कठडा, स्लॅबमधल्या सळया यांचाही परिणाम होतो. म्हणून तार आधी जास्तच ठेवावी. समजा प्रत्येक बाजू साडेदहा मीटर ठेवली, म्हणजे एकूण २१ मीटर, आणि अँटेना वर चढवून मोजल्यावर तो ६.९ मेगाहर्ट्झला जुळलेला दिसला. आपल्याला हवे ७.१. तर २१ला ६.९ने गुणून ७.१ने भागायचे. उत्तर येते २०.४, म्हणजे दोन्ही बाजूंनी साधारण तीस-तीस सेंटिमीटर कमी करायचे. तेवढी तार लगेच कापू नये. टोकाला मागे दुमडून तारेवरच घट्ट पीळ द्यावा, पुन्हा वर चढवून मोजावे आणि आकडा पक्का झाल्यावरच कात्री लावावी. मोजण्यासाठी आता नॅनोव्हीएनएसारखे खिशात मावणारे, स्वस्त यंत्र मिळते. पूर्वी असे यंत्र बहुधा प्रयोगशाळेतच दिसे.

गैरसमज ३ : एसडब्ल्यूआर एकास एक आला म्हणजे अँटेना उत्तम.

वस्तुस्थिती : सर्वांत खोलवर रुजलेला समज हाच. ५० ओहमच्या डमी लोडवर एसडब्ल्यूआर एकास एक येतो आणि त्यातून बाहेर जवळपास काहीच जात नाही, सगळी ताकद उष्णतेत संपते. एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो) सांगतो तो फक्त केबल आणि अँटेना यांच्या जुळणीचा आकडा. अँटेना किती ऊर्जा हवेत सोडतो, हे त्यावरून कळत नाही.

याचे दुसरे टोक असे, की आकडा दीड दिसला तरी लोक अस्वस्थ होतात. एसडब्ल्यूआर १.५ असताना परत फिरणारी ताकद ४ टक्के असते, २ असताना ११ टक्के आणि ३ असताना २५ टक्के. ४० मीटरवर दीडचा एक करण्यासाठी दिवसभर गच्चीवर उन्हात राबले तरी समोरच्याच्या कानाला फरक जाणवत नाही.

फसवणूक होते ती केबलमुळे. आरजी-५८ ही बारीक कोअ‍ॅक्स ३० मीटर लांब असेल तर दोन मीटर बँडवर, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झला, सुमारे ६ डेसिबल ताकद वाटेतच जिरते. ५० वॅट सोडले तर वर पोचतात बारा-तेरा वॅट. अशा केबलच्या वरच्या टोकाचा अँटेना तुटून पडला, तरी खाली रिगजवळचा मीटर १.७ च्या आसपास दाखवतो, कारण परत येणारी ताकदही येताना जिरते. केबलमध्ये पाणी शिरले की काही वेळा एसडब्ल्यूआर सुधारल्यासारखा दिसतो, तो याच कारणाने. हात न लावता आकडा आपोआप सुधारला तर आनंद न मानता आधी केबल तपासावी. तेवढ्याच लांबीची एलएमआर-४०० वापरली तर त्याच ५० वॅटपैकी ३५च्या आसपास वर पोचतात. ७ मेगाहर्ट्झला आरजी-५८ चालून जाते. व्हीएचएफला केबलवर केलेला खर्च अ‍ॅम्प्लिफायरवरच्या खर्चापेक्षा जास्त फळतो.

गैरसमज ४ : ट्यूनर लावला की अँटेना ट्यून होतो.

वस्तुस्थिती : रिगशेजारचा ट्यूनर अँटेनाला हातही लावत नाही. तो रिगला ५० ओहम दाखवतो, त्यामुळे रिग पूर्ण ताकद देतो. ट्यूनरच्या पलीकडच्या केबलवर पूर्वीचीच बेजुळणी राहते आणि केबल लांब व निकृष्ट असेल तर त्या बेजुळणीचे जादा नुकसानही राहते. ट्यूनर निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. बँडच्या कडेला थोडी जुळवाजुळव करण्यासाठी तो फार उपयोगी आहे. बिघडलेला अँटेना त्याने दुरुस्त होत नाही, इतके लक्षात ठेवले की पुरे.

गैरसमज ५ : अँटेना जितका उंच तितका चांगला, आणि वॅट जितके जास्त तितका आवाज लांब.

वस्तुस्थिती : दोन्ही अर्धसत्ये आहेत. व्हीएचएफवर उंची खरोखर मोलाची, कारण तिथे क्षितिजाचा प्रश्न असतो. दहा मीटरवरच्या अँटेनाचे रेडिओ-क्षितिज साधारण १३ किलोमीटर, तर चाळीस मीटरवरच्याचे २६. उंची चौपट केली की क्षितिज दुप्पट होते.

४० मीटर बँडवर प्रश्न वेगळा असतो. जमिनीपासून आठ-दहा मीटरवरचा डायपोल बरीचशी ऊर्जा सरळ वर फेकतो. दिवसा आयनोस्फिअरचा एफ थर ती जवळजवळ तशीच खाली परत पाठवतो आणि आजूबाजूचा तीन-चारशे किलोमीटरचा टापू भरून निघतो. पुण्याहून कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर गाठायचे तर असा बुटका डायपोलच उत्तम. उंचच उंच अँटेनाची ऊर्जा क्षितिजाकडे झुकते. ती परदेशी स्टेशनांसाठी चांगली, पण सकाळच्या नेटवरचा (ठरलेल्या वेळी रेडिओवर भरणाऱ्या हॅमच्या बैठकीतला) शेजारचा जिल्हा तिच्यातून निसटू शकतो. उंची ठरवण्याआधी आपल्याला कोणाशी बोलायचे आहे ते ठरवावे.

आता वॅट. १०० चे ४०० वॅट केले म्हणजे ६ डेसिबल वाढले. समोरच्याच्या एस-मीटरवर तो फरक एकाच एस-युनिटचा असतो. तीन घटकांचा यागी साध्या डायपोलपेक्षा साधारण तेवढाच फायदा देतो, आणि तो ऐकतानाही मिळतो. अ‍ॅम्प्लिफायरने ऐकणे सुधारत नाही. जपानच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगू यागी यांनी १९२६ मध्ये जगापुढे मांडलेली ही रचना आजही टिकून आहे. पीव्हीसीच्या नळीवर सुताराच्या पोलादी मेजरिंग टेपचे तुकडे बसवून दोन मीटर बँडचा हातात धरता येणारा यागी एका दुपारी तयार होतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर येणारे हॅम संदेश त्यावर ऐकता येतात. शाळकरी मुलांकडून करून घेण्यासारखा यापेक्षा चांगला प्रयोग नाही.

गैरसमज ६ : अँटेना आकाशातली वीज ओढून घेतो, आणि अर्थिंग केले की धोका संपला.

वस्तुस्थिती : वीज कुठे पडेल हे उंची, आकार आणि आजूबाजूच्या वस्तू यांवर ठरते. तार रेडिओची आहे की कपडे वाळवण्याची, याने त्यात फरक पडत नाही. आसपासच्या सगळ्यांपेक्षा उंच उभा केलेला धातूचा खांब मात्र धोक्यात असतोच. शिवाय वीज थेट अंगावर पडायची गरज नसते. जवळपास पडली तरी लांब तारेत रिग जाळण्याइतका दाब निर्माण होतो.

अर्थिंग हवेच, पण नीट. केबल घरात शिरते तिथे लायटनिंग अरेस्टर, तिथून जाड आणि कमी वळणांची पट्टी अर्थपर्यंत, आणि ही अर्थ घराच्या विजेच्या अर्थशी जोडलेली. रिगसाठी वेगळी, सुटी अर्थ गाडणे ही मोठी चूक आहे. वीज पडली की दोन अर्थमध्ये दाबाचा फरक निर्माण होतो आणि तो रिगमधूनच वाट काढतो. इतके करूनही थेट पडलेल्या विजेपुढे घरगुती व्यवस्थेची खात्री देता येत नाही. म्हणून महाराष्ट्रात एप्रिल ते जून आणि पुन्हा परतीच्या पावसात केंद्र बंद करताना केबल रिगपासून काढून ठेवायची सवयच लावून घ्यावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अ‍ॅप विजेची पूर्वसूचना देते. गडगडाट ऐकू येऊ लागल्यावर मात्र केबलला हात लावायला जाऊ नये.

याहून मोठा आणि हमखास टाळता येणारा धोका आहे रस्त्यावरच्या वीजतारांचा. खांब उभा करताना तो आडवा पडला तर कुठवर जाईल ते आधी मोजावे. त्या अंतरात वीजतार येत असेल तर तिथे खांब उभा करूच नये.

गैरसमज ७ : या अँटेनामुळे किरणोत्सर्ग होतो, शेजाऱ्यांचा टीव्ही बिघडतो.

वस्तुस्थिती : एक्स-रे किंवा अणुकिरणांप्रमाणे रेडिओलहरी पेशींतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवत नाहीत. त्यांचा परिणाम उष्णतेचा असतो, आणि हॅम सलग चोवीस तास प्रक्षेपणही करत नाही. तरी काळजी हवीच. प्रक्षेपण चालू असताना डायपोलच्या टोकाला हात लागला तर चामडी भाजते. टोके माणसांच्या आणि मुलांच्या हाताबाहेर, गच्चीपासून किमान अडीच-तीन मीटर वर असावीत.

शेजाऱ्यांच्या स्पीकरमध्ये आपला आवाज येत असेल तर बऱ्याचदा कारण कोअ‍ॅक्सच्या बाहेरच्या जाळीवरून वाहणारा प्रवाह असते. अँटेनाच्या मध्यावर तो प्रवाह अडवणारा चोक बालन आणि शेजाऱ्यांच्या वायरीवर फेराइटचे क्लिप लावले की तक्रार बहुधा मिटते. त्रास उलट दिशेनेही होतो. स्वस्त चार्जर, एलईडी दिवे, लिफ्टचे ड्राइव्ह आणि सोलर इन्व्हर्टर यांचा गोंगाट आपल्या रिसीव्हरमध्ये येतो. रिग बॅटरीवर चालवून घराचा मुख्य स्विच बंद करावा. गोंगाट थांबला तर उगम आपल्याच घरात आहे.

एक गोष्ट स्पष्ट असावी. वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विभागाचा परवाना प्रक्षेपणाचा असतो, सोसायटीच्या गच्चीचा नाही. समितीची लेखी संमती वेगळी घ्यावी. अर्ज देण्याआधी समितीच्या सदस्यांना आणि वरच्या मजल्यावरच्या काका-काकूंना घरी बोलावून पाच मिनिटे रेडिओ ऐकवला, तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

गैरसमज ८ : एकदा बांधला की अँटेना वर्षानुवर्षे चालतो.

वस्तुस्थिती : आपल्याकडचे ऊन आणि पाऊस दोन्ही कठोर आहेत. पीएल-२५९ कनेक्टर मुळात जलरोधक नाही. त्यावर आधी एकमेकांत वितळणारी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप आणि तिच्यावर उन्हापासून संरक्षणासाठी चांगली पीव्हीसी टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर चढतो आणि पाणी ओघळून जाते. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा. पाणी तिथूनच ठिबकते, केबलवरून आत येत नाही. टोक सोलल्यावर आतली जाळी काळी पडलेली दिसली तर पाणी शिरले म्हणून समजावे. जाळीतून पाणी मीटरभर किंवा त्याहूनही आत शोषले जाते, त्यामुळे टोक कापून भागत नाही. केबल बदलावी.

बाजारातली निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी उन्हात वर्ष-दोन वर्षांत ठिसूळ होते. पॉलिस्टरची दोरी बरीच जास्त टिकते. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम थेट एकमेकांना भिडवू नये, मध्ये स्टेनलेस स्टीलचा वॉशर घालावा. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हे न केलेला जोड फार लवकर पांढरी पूड धरतो.

तपासणी वर्षातून दोनदा पुरते, एकदा मृग लागण्याआधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. दोऱ्या, जोड, टेप आणि खांबाचा पाया पाहावा. बँडच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा एसडब्ल्यूआर तारखेसह वहीत लिहावा. आजचा आकडा चांगला की वाईट यापेक्षा मागच्या नोंदीपासून तो किती सरकला, यावरून बिघाड लवकर कळतो.

ही शिस्त छंदापुरती नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा हॅम रेडिओ चालक भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी एका हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. त्यांचे केंद्र आधीपासून उभे होते, म्हणून नेहमीची दळणवळण साधने कोलमडल्यावर अंदमानची खबर आणि लोकांच्या ख्यालीखुशालीचे निरोप रेडिओवरून मुख्य भूमीवर पोचू शकले. आपत्तीच्या दिवशी कोणी गच्चीवर चढून नवा अँटेना जुळवत बसत नाही. त्या दिवशी उपयोगी पडतो तो आधी नीट बांधलेला, मोजलेला आणि दर पावसाळ्याआधी तपासलेला अँटेना. म्हणून नव्या हॅमने पहिला खर्च चांगल्या केबलवर आणि जोडांवर करावा, पहिले काही रविवार गच्चीवर घालवावेत आणि रिग आहे तोच वापरत राहावा.