नामशेषांच्या दफ्तरातून परतलेला भेक
दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात, अँडीज पर्वताच्या सुमारे ३,००० ते ४,००० मीटर उंचीवरील थंड, तृणमय मुलखात, पाठीने काळाकुळकुळीत व पोटाने निखाऱ्यासारखा केशरी असा एक लहानसा भेक, ज्याला तेथील लोक 'हंबातो' म्हणतात, एके काळी विपुल संख्येने नांदत असे. उड्या मारण्यापेक्षा संथपणे चालणेच पसंत करणारा हा प्राणी दिवसा संचार करतो. ओढ्यात घातलेल्या त्याच्या अंड्यांतून निघणारे भैकेर उदरावरील चूषकाच्या साह्याने खडकाला घट्ट चिकटतात आणि प्रवाहाच्या वेगाला दाद न देता शेवाळावर उदरनिर्वाह करतात.

परंतु १९८८ नंतर तो कोणाच्याच दृष्टीस पडेना, आणि २००४ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या दफ्तरी त्याची नोंद नामशेष म्हणून झाली. या संहारामागे मुख्यत्वे कायट्रिड बुरशी असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. उभयचरांच्या शरीरातील क्षारांचे नियमन करणारी त्वचाच ती निकामी करते, आणि अखेर हृदय बंद पडते. तथापि २०१६ साली कोटोपाक्सी प्रांतातील अंगामार्का परिसरात तो पुन्हा जिवंत आढळला. बंदिवासात त्याची जोपासना सुरू झाली असली, तरी रानातील बुरशीचे निर्मूलन करण्याचा उपाय आजही हाती नसल्यामुळे, उरलेल्या ओढ्यांचे रक्षण हेच प्रथम कर्तव्य ठरते.