नर्सबाईंची मशेरी

आमच्या उरणकडे बाईमाणूस बिडी ओढताना क्वचितच दिसते. पण मशेरी? ती कोळीवाड्यात आहे, आगरी वस्तीतही आहे. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. धूर तोंडात जात नाही, एवढाच फरक. विष तेच. तोंडाचा कर्करोग त्यानेही होतो.

आता नर्सबाईंचे बघा. त्याही आपल्यातल्याच. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून एखादीला सवय लागते. सकाळी ती गरोदर बाईला सांगते, "मशेरी सोड, बाळाचे वजन कमी भरते." बाई तिच्या काळ्या दातांकडे बघते. मग कोण ऐकणार!

नर्सबाईंना कळत नाही असे नाही. तंबाखूतले निकोटिन हिरडीतून रक्तात जाते, मेंदूला त्याची चटक लागते. म्हणून टोमणे मारू नका. दिवसाला पाच वेळा असेल, तर आधी तीन, मग एक, मग दिवस ठरवून बंद. तल्लफ येते, पण पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बडीशेप चघळावी. पहिला आठवडा जड जातो. डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. कोमट पाणी आणि पालेभाजी घ्यावी. महिन्याभरात त्रास बराच उतरतो. १८००-११-२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे, तिथे सल्ला मिळतो.

घरच्यांनी एक करावे. घरात मशेरी भाजू नये. त्या वासानेच तल्लफ जागी होते.