खिशातील कॅमेऱ्याची पारख

व्यापारी बंधूंना धान्याची पारख शिकविण्याचे कारण नाही. मूठभर नमुना तळहातावर घेतला की दाणा, ओल व खडा त्यांस तत्काळ उमगतो. परंतु हीच मंडळी कॅमेरा घेताना डब्यावर छापलेल्या एका आकड्यास भुलतात. आम्हीही भुललो. ‘मेगापिक्सेल’ पुष्कळ आहेत एवढे पाहून काही वर्षांपूर्वी आम्ही एक लहानसा कॅमेरा आणला. पुढे आमचे वडील बंधू अंथरुणास खिळले. माजघरातील मंद उजेडात आम्ही त्यांची चार छायाचित्रे काढली. तीच अखेरची ठरली. पेढीवर लावण्यासाठी एक मोठे करविले, तो मुद्रेवर सर्वत्र रेती पसरल्यासारखी दिसली. ती तसबीर आम्ही लावू शकलो नाही. यंदा नातवासाठी कॅमेरा घेण्याचा प्रसंग आला, तेव्हा आम्ही प्रथम समजून घ्यावयाचे ठरविले.

कॅमेऱ्याच्या पोटात प्रकाश टिपणारी एक चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. साध्या लहान कॅमेऱ्यात ती जेमतेम ६ मिलिमीटर लांब व साडेचार रुंद असते. मेगापिक्सेल म्हणजे त्या वावरात पेरलेल्या रोपांची संख्या. वावर तेवढेच ठेवून बी चौपट टाकले, तर ताट उभे राहील, पण कणीस भरणार नाही. कॅनन कंपनीने २००८ साली जी १० या कॅमेऱ्यात १४.७ मेगापिक्सेल दिले होते. पुढल्याच वर्षी जी ११ मध्ये तो आकडा १० वर उतरविला, तो मंद उजेडातील चित्र सुधारावे म्हणून. निजाम दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ विताएवढ्या काचपट्ट्यांवर चित्रे घेत; ती आजही स्वच्छ दिसतात, त्यात त्या पट्टीच्या आकाराचाही वाटा आहे.

२०१२ साली सोनीने आरएक्स १०० हा कॅमेरा काढला व खिशातील यंत्रात १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा सेन्सर बसविला. यास ‘एक इंची’ म्हणतात. वस्तुतः त्याची कोणतीही बाजू इंचाची नाही, कर्णसुद्धा सुमारे १६ मिलिमीटरच भरतो! जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या मापावरून हे नाव चालत आले. आमच्या काट्यावर असे माप कोणी चालू दिले नसते. तरीही साध्या कॅमेऱ्याच्या चौपट क्षेत्र मिळते, हे खरे.

याच जातीचा आरएक्स १०० मार्क सात २०१९ मध्ये आला. त्याचे भिंग २४ पासून २०० मिलिमीटरपर्यंत लांबते, म्हणून जत्रेत दूरचा माणूस जवळ आणता येतो. मात्र लांबविल्यावर भिंगाचे तोंड आकुंचते व प्रकाश कमी येतो. त्याच वर्षीचा कॅननचा जी ७ एक्स मार्क तीन १०० मिलिमीटरवर थांबतो, पण प्रकाश अधिक घेतो. घरातील समारंभास आम्ही दुसरा पसंत करू.

याहून तिप्पट क्षेत्राचा सेन्सर हवा, तर रिको जीआर तीन व फुजीफिल्म एक्स १०० व्हीआय (२०२४) हे दोन पाहावेत. दोहोंची भिंगे स्थिर आहेत. दृश्य जवळ हवे असल्यास आपणच पावले टाकावयाची. रिकोचे वजन अवघे २५७ ग्रॅम, सदऱ्याच्या खिशात राहतो; पण त्यास डोळा लावावयाची खिडकी नाही व झगमगता दिवाही नाही. फुजीफिल्मला दोन्ही आहेत, वजन मात्र ५२१ ग्रॅम; २०२४ साली किंमत दीड लाखाच्या घरात होती.

हात स्थिर ठेवणारी यंत्रणा दोहोंत आहे, पण तिचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. आपला हात कापला तर ती सावरते. समोरचा हलला तर तिचा उपाय चालत नाही. दिवाळीत मोरपिसांचा टोप घालून नाचणारा गुस्साडी रात्री टिपावयाचा असेल, तर मोठा सेन्सर व उघड्या तोंडाचे भिंग हेच कामास येते.

या कॅमेऱ्यांत चित्र ‘रॉ’ स्वरूपात साठविता येते. ही साळ समजावी, नेहमीचे जेपेग म्हणजे सडलेला तांदूळ. साळ घरी असली तर पुढे हवी तशी सडता येते. तांदळाची साळ करता येत नाही. मोबाइल फोनही अनेक चित्रे एकत्र करून सुंदर तांदूळ देतो. भिंतीवर हातभर मोठे करताना मात्र त्याची कणी उघडी पडते.

आपल्या बेल्यात आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे, ती धूळ. कापसाच्या हंगामात रुईचे तंतू व धान्याचा भुसा कोठेही शिरतो. आतबाहेर सरकणारी भिंगे तो ओढून घेतात, आणि सेन्सरवर बसलेला कण घरी काढता येत नाही, कारण भिंग सुटत नाही. फुजीफिल्मला कडे व काच निराळी लावल्यास बराच बचाव होतो. इतरांस घट्ट पिशवी हाच उपाय.

आम्ही आमचे कोरे स्मृतिपत्र घेऊन दुकानात गेलो, सर्वांत काळोख्या कोपऱ्यात नातवास उभे केले, प्रत्येक यंत्राने चार चित्रे घेतली व घरी आणून मोठी करून पाहिली. दुकानदारास नवल वाटले. मग रिको घेतला. पहिले छायाचित्र त्याच माजघरात, खिडकीशी बसलेल्या वहिनींचे काढले. ते पेढीवर लागले आहे.