अंग कमावणें आणि ऐकीव सल्ला

नागपुरांत उजाडण्याच्या सुमारास अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या कांठानें जाणाऱ्यास धांवणाऱ्या तरुण-तरुणींचे घोळके हटकून दिसतात. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलांतहि तीच वर्दळ असते. कोणी पोलीस भरतीसाठीं धांवतो, कोणी सैन्यांत जाण्यासाठीं, कोणी वाढलेलें वजन उतरविण्यासाठीं, तर कोणी केवळ हौसेनें. ही गोष्ट शहराच्या दृष्टीनें शुभच होय. परंतु या मंडळींपैकीं अनेकांना व्यायामाचा उपदेश मिळतो, तो मैदानावरील गुरूकडून न मिळतां खिशांतील मोबाइलमधून मिळतो. ‘एका आठवड्यांत पोट सपाट’, ‘तीस दिवसांत पहिलवान’, ‘हें चूर्ण घ्या, दम लागणार नाहीं’ अशा अर्ध्या-एका मिनिटाच्या चित्रफितींचा समाजमाध्यमांवर पाऊस पडत असतो. सांगणारा पिळदार अंगाचा असतो, त्याचें बोलणें ठाम असतें आणि ऐकणारा उतावळा असतो. अशा वेळीं कोणता सल्ला घ्यावा व कोणता टाकावा, हें ठरविण्याचें कांहीं साधन हातीं असावयास पाहिजे. तें साधन शरीराच्या स्वभावांतच सांपडतें.

व्यायामानें शरीर बळकट होतें, असें सामान्यतः म्हटलें जातें. हें विधान अर्धेंच खरें आहे. प्रत्यक्ष व्यायाम चालूं असतां शरीर बळकट होत नाहीं. उलट तेवढ्यापुरतें तें थकतें. स्नायूंत सांठलेली साखर खर्च होते, कांहीं सूक्ष्म तंतू दुखावतात. त्यानंतरच्या विश्रांतींत, अन्नाच्या व झोपेच्या आधारानें, शरीर ही झीज भरून काढतें आणि पुढच्या वेळची तरतूद म्हणून किंचित् अधिक भर घालतें. या ‘किंचित् अधिक’ मध्येंच सर्व शारीरिक शिक्षणाचें सार आहे. भार अगदींच हलका असेल, तर शरीराला भर घालण्याचें कारण उरत नाहीं. भार एकदम वाढविला, तर झीज भरून निघण्यापूर्वींच नवी झीज सुरू होते. म्हणून भार थोडा थोडा वाढवावा आणि दोन कठीण दिवसांमध्यें एक सौम्य दिवस असावा, हा नियम सर्व देशांतील जाणत्या शिक्षकांनीं मान्य केलेला आहे.

यांत आणखी एक खुबी आहे. शरीराचे सर्व भाग एकाच वेगानें तयार होत नाहींत. नव्या माणसाची ताकद पहिल्या कांहीं आठवड्यांत झपाट्यानें वाढते. पण ती मुख्यतः मज्जातंतू आहेत त्याच स्नायूंना अधिक चांगल्या रीतीनें कामाला लावूं लागतात म्हणून. स्नायू स्वतः भरून येण्यास महिने लागतात. त्यांना हाडांशीं जोडणारे चिवट बंध आणि खुद्द हाडें यांची तयारी त्याहूनहि सावकाश होते. आतां महाराष्ट्र पोलीस भरतीच्या उमेदवाराचें उदाहरण घ्यावें. मैदानी चाचणींत पुरुषांना १६०० मीटर, स्त्रियांना ८०० मीटर, आणि दोघांनाहि १०० मीटर धांवणें व गोळाफेक असते. जाहिरात निघतांच पुष्कळ मुलें एकदम रोज दोन वेळां धांवूं लागतात. महिना-दीड महिन्यानें दम सुधारतो, उमेद वाढते आणि अंतर दुप्पट केलें जातें. दम तयार झालेला असतो, पण नडगीचें हाड तयार झालेलें नसतें. मग नडगी ठणकूं लागते, आणि तशांतच ‘वेदना म्हणजेच प्रगति’ असा मंत्र मोबाइलवर ऐकलेला असल्यानें मुलगा धांवतच राहतो. हाडाला बारीक तडा गेल्याचें निष्पन्न होतें तेव्हां भरतीचा दिवस तोंडावर आलेला असतो, आणि वर्षभराची आशा पलंगावर पडून राहते.

थोर खेळाडूंची प्रगति किती संथ असते, हें पाहावयाचें असेल तर अविनाश साबळे यांच्याकडे पाहावें. हे बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्याच्या मांडवा गांवचे. सैन्यांत दाखल झाल्यावर ते शर्यतींकडे वळले. सप्टेंबर २०१८ मध्यें त्यांनीं ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, ८ मिनिटें २९.८० सेकंदांत पूर्ण केली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढें स्वतःचाच विक्रम ते पुनःपुन्हां मोडीत गेले व जुलै २०२४ मध्यें पॅरिस येथें त्यांनीं ८ मिनिटें ९.९१ सेकंद अशी वेळ नोंदविली. सैन्याची शिस्त, जाणते मार्गदर्शक व अखंड मेहनत असतांना जवळजवळ सहा वर्षांत कमी झाले ते सुमारें वीस सेकंद. म्हणजे वर्षास साडेतीन सेकंदहि पुरते नाहींत. नवशिक्याची सुधारणा याहून जलद होते हें खरें. परंतु तीस दिवसांत कायापालट करून देणाऱ्याच्या वचनाची किंमत करण्यास हा हिशेब उपयोगी पडावा.

दूरस्थ गुरूचा हा मोह आजचाच आहे असें मात्र नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं युजेन सँडो या युरोपीय बलभीमाचें नांव हिंदुस्थानांत घरोघर पोहोंचलें होतें. त्याचीं छायाचित्रें, पुस्तकें, स्प्रिंगचे डंबेल्स व टपालानें मिळणारे धडे यांवर तरुण लुब्ध होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सँडोचीं साधनें आणविलीं आणि सुमारें दहा वर्षें ती मेहनत नेमानें केली. त्यानंतर ते सूर्यनमस्काराकडे वळले व आपल्या संस्थानच्या शाळांतून त्यांनीं त्याचा प्रसार केला. दहा वर्षें स्वतः करून पाहणें व मग मत देणें, ही त्या पिढीची सचोटी होती. बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळांत दहा खंडांत निघालेला मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा त्याच वृत्तीचा नमुना होय.

आखाड्यांतील वस्तादाची गोष्टहि येथें ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्याच्या सर्वच समजुती बरोबर होत्या असें नाहीं. मेहनत चालूं असतां पाणी पिऊं नये, ही जुनी समजूत आजच्या ज्ञानाप्रमाणें चुकीचीच ठरते. पण वस्ताद पोराचें अंग रोज डोळ्यांनीं पाहत असे. कोणाचा श्वास लवकर फुलतो, कोणाचा गुडघा जुना दुखावलेला आहे, कोणाच्या घरीं दूध-तुपाची सोय नाहीं, हें त्यास ठाऊक असे. आणि पोराच्या अंगाला इजा झाली तर त्याच्या बापाला तोंड द्यावें लागे तें वस्तादालाच. चित्रफितींतील उपदेशक एकाच वेळीं लाखों माणसांना एकच मेहनत सांगतो. त्यांत सतरा वर्षांचा मुलगाहि असतो आणि रक्तदाबाचा पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थहि असतो. त्यानें दोघांनाहि पाहिलेलें नसतें, आणि परिणामाची जबाबदारीहि त्याजवर नसते. चुकीच्या सल्ल्याचें मूळ बहुधा येथें आहे.

कांहीं समजुती तर केवळ व्यापारांतून जन्मलेल्या आहेत. रोज दहा हजार पावलें चाललींच पाहिजेत, हा आंकडा आज शास्त्रवचनासारखा मानला जातो. त्याचा उगम १९६५ सालीं जपानांत विक्रीस आलेल्या एका पाऊलमापक यंत्राच्या नांवांत आहे. त्या नांवाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचें माप’ असा होता. चालणें उत्तमच, पण अमेरिकेंतील वृद्ध स्त्रियांच्या २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत सुमारें ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचें प्रमाण घटलेलें दिसलें, आणि साडेसात हजारांपुढें विशेष फरक आढळला नाहीं. पोटाचे व्यायाम केल्यानें पोटाचीच चरबी जाते, ही समजूतहि अशीच निराधार आहे. चरबी कोठून कमी व्हावी हें शरीर ठरवितें. पोटाच्या व्यायामानें त्या चरबीखालचे स्नायू तेवढे बळकट होतात. शिवाय एक किलो चरबींत सुमारें ७,७०० कॅलरी असतात, आणि साठ किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर धांवला तर अदमासें साठ कॅलरी खर्च होतात. म्हणजे केवळ धांवून एक किलो चरबी घालवावयाची, तर नागपूरहून अमरावतीचा बहुतेक रस्ता धांवून काढावा लागेल. हें काम ताटांतील वाढपाला आवर घालून व महिन्यांच्या हिशेबानेंच होतें.

घामाविषयींचा गैरसमज नागपूरकरांना विशेष घातक आहे. जितका घाम अधिक तितकी चरबी अधिक वितळली, असें समजून कांहीं लोक प्लॅस्टिकचीं जाकिटें घालून धांवतात. घामावाटे जातें तें पाणी व मीठ. तांब्याभर पाणी प्यालें कीं तें वजन परत येतें. घाम हें शरीर थंड राखण्याचें साधन आहे, आणि जाकिटांत तो वाळतच नसल्यानें शरीर आंतून तापत जातें. अमेरिकेंत १९९७ च्या अखेरीस झपाट्यानें वजन उतरविण्याच्या अशा प्रयत्नांत महिन्याभराच्या सुमारास तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर दगावले. मग मे २०१३ मध्यें ४७.९ अंशांपर्यंत तापमान चढलेल्या शहरांत हा प्रयोग काय करील, हें सांगावयास नको. उन्हाळ्याशीं शरीर जुळवून घेतें, पण त्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तोंवर मेहनत कमी ठेवावी, ती पहाटेच करावी, आणि दीर्घ व्यायामांत पाण्याबरोबर मीठ-साखरहि पोटांत जाऊं द्यावी.

राहिला प्रश्न चूर्णांचा व सुयांचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत, अंग भरण्यासाठीं प्रथिनांचीं चूर्णें टाळावींत असें सांगितलें आहे. विदर्भाच्या स्वयंपाकघरांत तुरीचें वरण, झुणका, फुटाणे, शेंगदाणे, दही आहे. चालत असेल तेथें अंडीं व मासे आहेत. नेमानें मेहनत करणाऱ्या बहुतेकांची गरज यांतून भागते. सुईची गोष्ट मात्र निराळी व भयंकर आहे. शस्त्रक्रियेच्या वेळीं भूल दिल्यानें उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठीं वापरतात तें मेफेंटरमीन नांवाचें औषध जिममध्यें जाणाऱ्या तरुणांना चोरून विकल्याबद्दल पुणें शहरांत पोलिसांनीं अलीकडे अनेकांना अटक केली आहे. तें टोचल्यानें थकवा जात नाहीं, थकव्याची जाणीव तेवढी जाते. आणि ती जाणीव म्हणजे हृदयाच्या रक्षणासाठीं निसर्गानें ठेवलेला पहारेकरी आहे. पहारेकऱ्याला झोपवून घर सुरक्षित होत नसतें.

मोबाइलवरील सर्वच सल्ला टाकाऊ आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. जाणते प्रशिक्षक व डॉक्टरहि तेथें बोलतात. त्यांना ओळखण्यास चार प्रश्न पुरेसे आहेत. सांगणारा कांहीं विकीत आहे काय? तो वेळ किती लागेल तें प्रामाणिकपणें सांगतो काय? ही मेहनत कोणी करूं नये, हें तो सांगतो काय? आणि केव्हां थांबावें, हें सांगतो काय? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक घरांत ठाऊक असावें. व्यायामांत छातींत दुखलें, घेरी आली, उन्हांत बोलणें बरळल्यासारखें होऊं लागलें, मेहनतीनंतर लघवी चहाच्या रंगाची झाली, किंवा हाडाच्या एकाच जागीं रात्रींहि ठणका राहिला, तर पुढील सल्ला डॉक्टरांचाच घ्यावा.

घरांतील वडील माणसांना आणखी एक करतां येण्यासारखें आहे. मुलाला किंवा मुलीला एक साधी वही द्यावी. तींत रोजची तारीख, किती धांवलें, किती तास झोप झाली आणि कोठें दुखलें, एवढेंच लिहावें. दुसऱ्याच्या अंगाकडे पाहून मेहनत ठरविण्याची संवय त्या वहीनें सुटते. आणि चार-सहा महिन्यांनीं ती घेऊन एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाकडे गेल्यास, समोरच्या अंगाला काय सोसतें व काय सोसत नाहीं, हें त्यास पांच मिनिटांत कळतें.