खिशातला संगणक – ९ : अ‍ॅप काढावं की लिंक पुरे?

परवानग्यांचा विषय गेल्या भागात संपला. आज त्याच्याही आधीचा प्रश्न घेऊ: मुळात अ‍ॅप हवंच कशाला?

देवगडचा एखादा आंबा बागायतदार घ्या. हापूसचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक वर्षातून एकदा, फार तर दोनदा पेटी मागवतं. त्याला कुणीतरी सांगतं, ‘आता स्वतःचं अ‍ॅप काढा.’ ते काढलं की गिऱ्हाइकानं काय करायचं? प्ले स्टोअरमध्ये नाव शोधायचं, अ‍ॅप उतरवून घ्यायचं, मोबाइल नंबर द्यायचा, ओटीपीची वाट बघायची, लोकेशन विचारलं की ‘हो’ म्हणायचं. तोवर घरातलं कुणीतरी कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडून पेटी घेऊन आलेलं असतं. आणि समजा केलं एवढं सगळं, तरी जूनमध्ये फोन ‘जागा संपली’ म्हणून कुरकुरायला लागला की पहिली गदा याच अ‍ॅपवर येणार.

याच बागायतदारानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक पाठवली असती, तर ती दाबताच ब्राउझरमध्ये भाव, पेटीचा आकार आणि यूपीआयनं पैसे भरायची सोय समोर आली असती. या दुसऱ्या प्रकाराला वेब अ‍ॅप म्हणतात. पहिलं नेटिव्ह अ‍ॅप, म्हणजे खास त्या फोनच्या प्रणालीसाठी लिहिलेलं. अँड्रॉइडसाठी वेगळं आणि आयफोनसाठी वेगळं. दोन्ही एकदाच लिहून भागवायच्या युक्त्या आहेत, पण चाचणी आणि डागडुजी दोन्हीकडची करावी लागतेच.

हा घोळ मोठमोठ्या कंपन्यांनीही घातला आहे. २०१५च्या मे महिन्यात मिंत्रानं आपलं संकेतस्थळ बंद केलं. कपडे घ्यायचेत? अ‍ॅप उतरवा, नाहीतर राहू द्या. बहुतेक लोक मोबाइलवरूनच येतात, हे त्यामागचं गणित. पण आलेल्या माणसाला आत काय हवंय याचा त्यात विचार नव्हता. लक्ष्मी रोडवरच्या दुकानानं दर्शनी शटर ओढून घ्यावं आणि ‘आधी सभासद व्हा, मग मागच्या दारानं या’ अशी पाटी लावावी, तसला प्रकार. मला तर तो निव्वळ माज वाटतो. वर्षभरातच माघार घ्यावी लागली. जून २०१६ पासून संगणकावरचं दुकानही पुन्हा उघडलं.

त्याच घरातल्या फ्लिपकार्टची गोष्ट जास्त शिकण्यासारखी आहे. त्यांनीही मोबाइलच्या ब्राउझरवरून येणाऱ्यांना अ‍ॅपकडे पिटाळायला सुरुवात केली होती. मग त्यांनीच नोव्हेंबर २०१५मध्ये ‘फ्लिपकार्ट लाइट’ काढलं: ब्राउझरमध्येच चालणारं, पण वागायला अ‍ॅपसारखं. त्यावेळच्या स्वस्त फोनमध्ये जागा तुटपुंजी आणि नेट रखडत चालणारं, म्हणून हा घाट.

यामागची करामत समजून घेण्यासारखी आहे. तिचं नाव सर्व्हिस वर्कर. तुम्ही पहिल्यांदा लिंक उघडता तेव्हा ब्राउझर एक छोटा प्रोग्रॅम गुपचूप फोनमध्ये ठेवून देतो. पुढच्या वेळी तीच लिंक दाबली की मागणी थेट सर्व्हरकडे न जाता आधी या प्रोग्रॅमच्या हातात पडते. पानाचा सांगाडा, बटणं, चिन्हं हे सगळं त्यानं आधीच साठवलेलं असतं. ते तो लगेच दाखवतो आणि नेटवरून फक्त ताजे भाव मागवतो. नेट गेलं तरी पान कोरं पडत नाही. फ्लिपकार्ट लाइट अशा वेळी रंग उडून करडं व्हायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला न सांगता कळे की समोरचे भाव शिळे आहेत. एवढ्या साध्या गोष्टीत मला अख्ख्या कामाची हुशारी दिसते.

मग नेटिव्ह अ‍ॅप मोडीत काढायचं का? अजिबात नाही. घरपोच माल देणाऱ्या पोराचा फोन खिशात आहे, पडदा बंद आहे आणि तरी तो कुठवर आलाय हे ऑफिसात दिसायला हवंय. हे काम वेब अ‍ॅपला जमत नाही, कारण पडदा बंद झाला की ब्राउझर त्याला लोकेशन देणं थांबवतो. दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ रांग असते. काट्यावरचं वजन ब्लूटूथनं फोनमध्ये घ्यायचं, पावती छापायची आणि दिवसभर नेट नसलं तरी हिशेब चुकता कामा नये. तिथे नेटिव्हच बरं. माणूस तेच अ‍ॅप रोज उघडतो, त्यामुळे उतरवून घ्यायचा त्रास एकदाच होतो.

आयफोनवाल्यांची रड वेगळी. २००७मध्ये आयफोन आला तेव्हा बाहेरच्यांनी वेब अ‍ॅपच करावीत असं खुद्द स्टीव्ह जॉब्झ सांगत होते. अ‍ॅप स्टोअर उघडलं ते जुलै २००८मध्ये. मग त्या दुकानाची अशी चटक लागली की वेब अ‍ॅपकडे अ‍ॅपलचं लक्षच उडालं. वेब अ‍ॅपवरून सूचना पाठवायची सोय अँड्रॉइडच्या क्रोमवर २०१५मध्ये आली, आयफोनवर थेट मार्च २०२३मध्ये. तीही आधी शेअरच्या बटणात शिरून ते पान होम स्क्रीनवर ठेवलं असेल तरच. आपल्या आत्या-मावशीला हे फोनवरून समजावून पाहा.

पैशांचंही थोडं. खातं उघडायला गूगल एकदाच २५ डॉलर घेतं, अ‍ॅपल दरवर्षी ९९. ज्या कमिशनची एवढी ओरड होते, ३० टक्क्यांपर्यंतचं, ते डिजिटल मालावर असतं. ई-दिवाळी अंक अ‍ॅपमधून विकणाऱ्या प्रकाशकानं त्याची धास्ती जरूर घ्यावी. आंब्याच्या पेटीला ते लागत नाही, त्यामुळे बागायतदाराला त्या नावानं कुणी घाबरवत असेल तर ऐकू नये.

त्यानं यंदा लिंकवरच हंगाम काढावा. ऑर्डर किती आल्या यापेक्षा तेच गिऱ्हाईक पुन्हा किती वेळा आलं, हे वहीत टिपून ठेवावं. एरवी काजू, कोकम, आमसुलं विकून वर्षभर दर महिन्याला माणसं परतू लागली, तर अ‍ॅपवाल्याला बोलावून चहा पाजायला हरकत नाही.

पुढच्या आठवड्यात क्यूआर कोड: त्या काळ्या-पांढऱ्या चौकटींत नेमकं काय लिहिलेलं असतं आणि कोपरा फाटला तरी तो वाचता कसा येतो.